पार्किंगमधला राजगड : दिवाळीच्या किल्ल्याच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा

जागा मिळाली. बी विंगच्या जिन्यालगतचा कोपरा, आठ फूट बाय सहा फूट. मागे आणि डावीकडे भिंत, त्यामुळे किल्ला फक्त समोरून आणि उजव्या अंगाने दिसणार. सकाळचं ऊन तासभर. चेअरमनांची एकच अट : दुचाक्यांची वाट अडवायची नाही.

आमच्या सोसायटीत दरवर्षी किल्ला होतो. मातीचा ढीग, चार बुरूज, एक दरवाजा, गुहेत प्लॅस्टिकचा वाघ. एका वर्षी त्याला प्रतापगड म्हणतात, दुसऱ्या वर्षी सिंहगड. पाटी तेवढी बदलते. यंदा ११ जुलैला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. शाळेत त्यावर बरंच बोलणं झालेलं दिसतंय, कारण मुलं यादी घेऊनच आली. धाकट्यांना सिंधुदुर्ग हवा होता, पाणी भरायला मिळतं म्हणून. मोठ्यांचं रायगड की राजगड चाललं होतं.

राजगड ठरला. माझंही मत तेच पडलं. मधोमध बालेकिल्ला आणि तीन दिशांना तीन माच्या, म्हणजे त्याच्या खालच्या अंगाला पसरलेल्या डोंगरसोंडा, असा आकार दुसऱ्या कुठल्याच गडाला नाही. शिवाय यातली निम्मी मुलं गड चढून आलीत. सातवीतल्या एकीने अट घातली आणि ती मला फार आवडली : पाटी लावायचीच नाही. ज्याने राजगड पाहिलाय त्याला बघून कळला पाहिजे.

५ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर खडू आणि टेप. माती नाही, दगड नाही. मुलं वैतागली, पण गडाचा आकार ओळखू यायचा असेल तर हे टाळता येत नाही.

संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब. एकास हजार प्रमाण धरलं तर एकटी माचीच अडीच मीटर होते, म्हणजे आठ फुटांहून जास्त. आमची सगळी जागाच तेवढी. एकास दोन हजार धरलं तेव्हा संजीवनी सव्वा मीटरची झाली आणि बाकीचं बसलं. मात्र उंचीही याच प्रमाणात घेतली तर डोंगर जेमतेम फूटभर होतो आणि समोरून अगदी बसका दिसतो. म्हणून उंची दुप्पट घ्यायची ठरली. नकाशातल्या अंतरांना हात लावायचा नाही, उंची मात्र बिनदिक्कत ताणायची. करणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्यावं, कारण विटा रचल्यावर उंची वाढवायला गेलं की पाया पुरत नाही.

नकाशा छापून आणला होता. त्यावर चौकटी आखल्या, तशाच चौकटी जमिनीवर खडूने आखल्या आणि एकेक चौकट उतरवून घेतली. भूमितीचा इतका उपयोग शाळेतही झाला नसेल, असं दहावीतला म्हणाला.

जुन्या खोक्यांचे पुठ्ठे उभे कापून प्रत्येक माचीची बाजूने दिसणारी आकृती तयार केली. संजीवनी तीन टप्प्यांत उतरत जाते, सुवेळा मध्ये उचलते, पद्मावती त्या मानाने सपाट आणि रुंद. हे पुठ्ठे खडूच्या रेघांवर उभे करायचे आणि त्यांच्या उंचीपर्यंत भराव करायचा. रात्री पुठ्ठे नुसते उभे करून लांबून पाहिले. माती नसतानाही गड दिसायला लागला होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सामान.

भरावाला राडारोडा फुकट मिळाला. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघर पाडून नवं करतायत, तिथले विटांचे तुकडे, फरश्यांचे कपचे, सिमेंटचे गोळे, सगळं पोत्यांत भरून खालीच पडलं होतं. त्यांचा उचलायचा खर्च वाचला आणि आमचा विकत घ्यायचा. मात्र टाइल्सच्या कडा सुरीसारख्या असतात, त्यामुळे मुलांना जुने हातमोजे दिले आणि पहिलीदुसरीतल्यांना त्या पोत्यांजवळ येऊच दिलं नाही.

लाल माती नर्सरीतून, १२० रुपयांना पोतं, दहा पोती. काळी माती दोन पोती, वरच्या मजल्यावरच्या काकांनी शिरूरच्या शेतातून गाडीत घालून आणली, मोफत. गोणपाट भुसार दुकानातून २५ रुपयांना एक. जमिनीवर अंथरायला ताडपत्री २५० रुपये. प्रत्येक घराकडून दोनशे घेतले, पंधरा घरांनी दिले. तीन हजारांत बसवायचं आहे.

थर्माकोल आणायचा नाही हे मुलांनीच सांगितलं. राज्यात त्यावर २०१८ पासून बंदी आहे, आणि तसंही ओल्या मातीत तो वर उचलला जातो.

११ ऑक्टोबर, शनिवार

परीक्षा संपल्या. सकाळी सातला मुलं हजर, मी चहा घ्यायच्या आधी.

ताडपत्री, त्यावर विटांचे तुकडे, मोठे खाली, बारीक वर. दुपारपर्यंत तिन्ही माच्यांचे कणे उभे राहिले. गोणपाट कमी पडेल म्हणून एकीने घरून कोलम तांदळाची प्लॅस्टिकची पोती आणली. ती पसरली, वरून चिखल थापला आणि अर्ध्या तासात चिखलाची अख्खी चादर घसरून खाली आली. परत थापली, परत आली. त्या पोत्याला माती धरतच नाही. ताग चिखल पितो आणि सुकला की त्याच्याशी एकजीव होतो. प्लॅस्टिकची पोती काढून टाकली, गोणपाट आणखी आणायला माणूस पाठवला.

संध्याकाळी खरा घोळ कळला. आमचे रात्रपाळीचे वॉचमन राजगडाजवळच्या वेल्ह्याचे. ड्युटीवर आले, जिन्याजवळ थांबले आणि म्हणाले, "ताई, हा राजगड तुम्ही कुठनं बघताय?"

मी म्हटलं, "समोरून."

"पायथ्याच्या गुंजवण्यातनं बघितला तर सुवेळा डाव्या हाताला पडते. तुमची उजवीकडं गेली. आन् पद्मावती कुठंय?"

पद्मावती मागच्या भिंतीला चिकटली होती. नकाशा आम्ही छापला तसाच, उत्तर वर ठेवून, जमिनीवर उतरवला होता. त्यामुळे पाहणारा उभा राहणार दक्षिणेला, आणि उत्तरेकडची पद्मावती माची, जिच्यावर तळं, देऊळ, सदर, सगळं मांडायचंय, ती बालेकिल्ल्याच्या मागे दडणार. चारी बाजूंनी मोकळी जागा असती तर काही बिघडलं नसतं. आमच्या कोपऱ्यात मात्र नकाशा उलटा फिरवायलाच हवा होता. उत्तर पाहणाऱ्याकडे, सुवेळा डावीकडे, संजीवनी उजवीकडे.

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. पाटी लावायची नाही ही अट जिने घातली होती, तिच्याकडेही पाहिलं. ती म्हणाली, "मग पाडा."

१२ ऑक्टोबर, रविवार

पाडला आणि फिरवून रचला. पुठ्ठे तयार असल्यामुळे दुसऱ्यांदा दुपारच्या आत झालं. पहिल्यांदा अंदाजाने रचलं असतं तर जिवावर आलं असतं. पुठ्ठ्यांचा हा फायदा मी धरला नव्हता.

फिरवल्यामुळे अजून एक गोष्ट साधली. संजीवनी उजव्या मोकळ्या अंगाला आली. ती सगळ्यात लांब आणि सगळ्यात देखणी, तिला दोन्ही बाजूंनी बघता येणार.

संध्याकाळी काळ्या मातीचं लिंपण सुरू केलं. हाताला लोण्यासारखी लागते, हवी तिथे चिकटते, मुलं खूश.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सगळ्या डोंगराला भेगा. काही ठिकाणी बोट जाईल एवढ्या. काळी माती ओली असताना फुगते आणि सुकताना तितकीच आक्रसते. उन्हाळ्यातलं शेत पाहिलेल्या कोणीही हे सांगितलं असतं, आणि माती देणाऱ्या काकांनी सांगितलंही, पण लिंपून झाल्यावर.

वरचा थर खरवडला. काळी माती वाया घालवली नाही, विटांमधल्या फटी बुजवायला वापरली. तिथे भेगा पडल्या तरी दिसत नाहीत. वरच्या लिंपणासाठी जे मिश्रण शेवटी टिकलं ते असं : चाळलेली लाल माती चार घमेली, लॉन कापल्यावर निघालेलं वाळलं गवत बारीक करून एक घमेलं, शेण अर्धं घमेलं. शेण जवळच्या गोठ्यातून. मुलांनी नाकं मुरडली, मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, बाह्या सरसावल्या आणि कालवायला बसल्या. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

एकच जाड थर द्यायचा नाही. पातळ दोन. पहिला थर ओलसर असतानाच दुसरा, पूर्ण सुकू द्यायचा नाही, नाहीतर वरचा पापुद्रा सुटून येतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज फक्त दोन गोष्टी : बालेकिल्ल्याचे कडे आणि संजीवनी. दोन्हींनी छळलं.

ओला चिखल ठरावीक चढापलीकडे उभा राहत नाही. बालेकिल्ला तर जवळपास सरळसोट. थापलं की पोट सुटायचं आणि खाली ओघळायचं. मग लक्षात आलं की आपण मातीने दगड करायला बघतोय. सह्याद्रीचा डोंगर म्हणजे लाव्हाचे थरावर थर. उभा काळा कडा, मग उताराची गवताळ पट्टी, परत कडा. राजगडच काय, कुठल्याही गडाचा फोटो काढून बघा, हे आडवे पट्टे दिसतात. म्हणून कड्याच्या जागी चिखल काढून टाकला आणि शहाबादी फरशीचे कपचे आडवे एकावर एक रचले, सांध्यांत तेवढी माती. एक कडा झाला की चार बोटं आत सरकून मातीची पट्टी, मग पुढचा कडा. पडायचं थांबलं आणि दिसायलाही एकदम सह्याद्री. दरवर्षीचे किल्ले ढेकळासारखे का दिसतात याचं उत्तर मला यात मिळालं. आपण सगळीकडे एकसारखा उतार देतो. तो उतार आपल्या डोंगरांत नाहीच.

संजीवनीचं दुखणं वेगळं. लांब, अरुंद, दोन्हीकडे उतार. गोणपाट टाकलं की मधल्या विटांवरून दोन्ही बाजूंना ओघळून कणा बोथट व्हायचा. शेवटी कोंबडीची जाळी कामाला आली. कुणाच्या तरी गच्चीवर पडली होती. विटा अंगावर उभ्या करून तीन टप्पे केले, त्यावर जाळी घट्ट वाकवून बांधली, जाळीवर गोणपाट, मग लिंपण. जाळीमुळे गोणपाट जागचं हलत नाही. ज्यांना लांब सोंड किंवा माची करायचीय त्यांनी पहिल्यापासून जाळीच घ्यावी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे गच्चीवरची टाकी भरून वाहिली. पाणी पाइपातून खाली आलं ते थेट आमच्या कोपऱ्यात. सुवेळेचा पायथा विरघळून चिखल दुचाक्यांपर्यंत गेला. दोघांच्या गाड्या माखल्या आणि त्यांचं ऐकून घ्यावं लागलं. गाड्या आम्हीच धुतल्या.

दुरुस्ती : भिंतीच्या कडेने विटांची एक ओळ आणि तिच्या आत ताडपत्रीची कड वर वळवून पाट काढला, जो पाणी बाहेरच्या जाळीकडे नेतो. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं. पार्किंगमध्ये किल्ला करणाऱ्यांनी दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे जातं हे आधी पाहावं.

आजच अळीव पेरले. मोहरीपेक्षा अळीव बरे, याची दोन कारणं. ओले झाले की त्यांना चिकट बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे ते उतारावर चिकटून राहतात, मोहरी गडगडत खाली जाते. आणि दोनतीन दिवसांत अंकुर दिसतो. गहू तर अजिबात नको. दिवाळीपर्यंत वीतभर होतो आणि बुरूज त्यात बुडतात. अळीव भिजवून, थोड्या मातीत कालवून, फक्त कड्यांमधल्या पट्ट्यांवर लावले. कड्यांवर एकही दाणा नाही.

पाणी तांब्याने ओतायचं नाही. केस विंचरताना वापरतात तो फवारा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तटबंदी. काळ्या मातीवरून शहाणपण आलेलं, त्यामुळे शाडू घेतली. चार घरांत शाडूचा गणपती असतो आणि बादलीत विसर्जन होतं. ती माती आम्ही फेकत नाही, वाळवून ठेवतो. गणपतीची माती किल्ल्याला वापरावी का, असा प्रश्न एका घरून आला. आजी म्हणाल्या, "तुळशीत घालता तेव्हा चालतं ना?" विषय संपला.

नुसती शाडूही सुकताना थोडी चिरते. तिच्यात टिश्यू पेपर भिजवून, कुसकरून मिसळला. पोळपाटावर लाटून पट्ट्या कापल्या. चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे कंगोरे, काडेपेटीच्या कडेने दाबून; जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोकं, संपलेल्या रिफिलने टोचून. बुरूज औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांभोवती गुंडाळून, झाकण आतच राहू द्यायचं.

संजीवनीच्या चिलखती बांधणीवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो घालवायलाच हवा होता. तिथे तटाच्या आत तट आहे, मधून माणूस चालत जाऊ शकतो. आमच्या प्रमाणात ती फट दिसलीच नसती. बोटभर अंतर ठेवून दोन पट्ट्या लावल्या, सरळ खोटं बोललो. बुरुजांनाही बाहेरून दुसरा बुरूज दिला. दहावीतल्याने ट्रेकला तिथे मोबाइल घसरून पडता पडता वाचवला होता, त्यामुळे त्या फटीबद्दल त्याला फार आदर आहे. ही माची त्यानेच केली.

सुवेळेवरचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक. मातीत बोटाने आरपार भोक पाडलं, ते ढासळलं. काडी घालून पाडलं, तेही ढासळलं. मग एका धाकटीने हातातली प्लॅस्टिकची बांगडी काढून दिली. बांगडी उभी रोवून तिच्याभोवती कपचे आणि माती लिंपली, आतली माती कोरून काढली. नेढं तयार. प्रमाण विचारू नका.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

काल वसुबारस, घरी फराळ, किल्ल्याकडे फक्त फवारा मारून आले.

आज कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात. गर्दी भयंकर, पार्किंगसाठी तास गेला. पंचवीस मावळे, ३० रुपयांना एक, आणि महाराजांची मूर्ती २०० रुपयांना. मातीचेच घेतले. प्लास्टरचे जास्त गुळगुळीत असतात पण डोळे सगळ्यांचे सारखेच, आणि नंतर ते विरघळतही नाहीत.

परत आल्यावर भांडण. मावळा चार इंची, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर. एकास दोन हजारने गुणलं तर दोनशे मीटर उंचीचा मावळा! अट घालणारी मुलगी म्हणाली, मावळे नकोतच, गड पुरेसा आहे. धाकट्यांनी रडायची तयारी केली. तडजोड अशी झाली की गडावर एकही मावळा नाही. सगळे पायथ्याला, समोरच्या पट्टीत, गुंजवण्याचं गाव आणि बाजार मांडून. त्यामुळे ते जवळचे आणि गड लांबचा वाटतो. नजर आपोआप प्रमाण सांभाळून घेते. हा तोडगा धाकट्यांपैकीच एकाचा.

सिंहासनावरूनही वाद. मूर्ती सिंहासनावर बसलेली आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४, रायगडावर. राजगडावर सिंहासन दाखवायचं कसं? दुकानात बसलेल्या मूर्ती याच. शेवटी सदरेच्या जागी मूर्ती ठेवली आणि माहिती सांगताना "महाराज सदरेवर बसलेत" एवढंच म्हणायचं ठरलं. मला पूर्ण पटलेलं नाही. पण महाराजांशिवाय दिवाळीचा किल्ला होत नाही, हेही खरं.

१९ ऑक्टोबर, रविवार

अळीव छान वर आलेत, आणि पद्मावतीवरचे निम्मे कबुतरांनी खाल्लेत. पुण्यात किल्ला म्हणजे कबुतरांची पंगत. नायलॉनची मच्छरदाणी दिवसा टाकायला सुरुवात केली, संध्याकाळी काढायची. मोकळ्या जागी पुन्हा पेरायला उशीर झालाय, म्हणून तिथे वाळलेल्या गवताचा भुगा आणि थोडी गेरू मारली. ऑक्टोबरमध्ये गडावरचं गवत तसंही पिवळं पडायला लागतं, त्यामुळे कुणाला खटकणार नाही.

तळ्यात बशी पुरली, कड मातीने झाकली. आधी खड्ड्याला प्लॅस्टिक लावून पाणी भरलं होतं, ते तासाभरात झिरपून गेलं. पाली दरवाजाची कमान रिकाम्या टेप-रिळाच्या अर्ध्या भागाची.

वॉचमनकाकांनी तपासणी केली. "चोरदरवाजा राहिला." गुंजवण्यातून चढणारी बहुतेक माणसं पद्मावती माचीवर तिथूनच येतात आणि आम्ही तोच विसरलो. कपचा काढून भोक केलं, खाली काड्यांची वाट.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

अभ्यंग, फराळ आणि नऊ वाजता किल्ला खुला.

माहिती कोण सांगणार यावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पाठ केलेलं घोकून दाखवायचं नाही, बोटाने जागा दाखवत सांगायचं, एवढाच नियम. त्यामुळे मुलांनी आपापल्या माचीचं नीट वाचून ठेवलं. आधीचं नाव मुरुंबदेवाचा डोंगर. सईबाईंची समाधी पद्मावतीवर, त्या १६५९ मध्ये याच गडावर वारल्या. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले, बारा राखले, त्यात राजगड. पुढच्या वर्षी आग्र्याहून सुटून महाराज आले ते इथेच. राजाराम महाराजांचा जन्म इथला, १६७० मधला. एका आजोबांनी विचारलं, मग राजधानी रायगडाला का नेली? उत्तर देणारी चौथीतली गडबडली, मग म्हणाली, "इथं जागा कमी पडत असेल, आमच्यासारखी." हशा झाला. उत्तर अगदीच चूक नाही, असं माझं मत.

पाटी नसण्याचा निकाल संमिश्र. ज्यांनी गड पाहिलाय त्यांनी बहुतेक लगेच ओळखला, आणि ओळखला तो संजीवनीवरून. दोघांनी तोरणा सांगितला, लांब माची पाहून. एकाने लांबूनच "प्रतापगड मस्त झालाय" म्हटलं. तो दरवर्षीच म्हणतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी पणत्या. गडावर ठेवल्या नाहीत, पायथ्याला आणि भिंतीच्या कडेने ठेवल्या. गेल्या वर्षी वर ठेवल्या होत्या, तर तेल मातीत उतरून काळे डाग पडले आणि मुंग्या लागल्या. पाली दरवाजात आणि बालेकिल्ल्याच्या महादरवाजात बारीक एलईडी, बॅटरीवरचे. तार लिंपणाच्या आधीच आतून घ्यायला हवी होती. आता ती मागच्या भिंतीकडून लोंबते आणि बघितलं की टोचते.

रात्री साडेदहाला कुणीतरी पाली दरवाजात लवंगी लावली. कमान गेली, तटाचा वीतभर तुकडा गेला. कोण ते कळलं नाही, निदान मोठ्यांना. दहावीतला सकाळी एकटाच दुरुस्त करत होता, त्यावरून काय समजायचं ते समजले आणि गप्प बसले. शाडूचा एक गोळा ओल्या फडक्यात राखून ठेवला होता, तो उपयोगी पडला. दुरुस्तीपुरती माती नेहमी बाजूला काढून ठेवावी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

अळीव बोटभर झालेत आणि एका बाजूला, उजेडाकडे, झुकलेत. कात्रीने कापले. कापलेले वाया गेले नाहीत, कोशिंबिरीत गेले. मातीत शेण आहे हे आठवल्यावर काहींनी खाल्ले नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा

आज शेवटचे दिवे लावले आणि नंतर मोडायला घेतला. तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा आमचा रिवाज. बॉम्ब लावून उडवायची मागणी आली होती, ती फेटाळली.

हिशेब : माती १,२००, गोणपाट बारा नग ३००, ताडपत्री २५०, मावळे ७५०, मूर्ती २००, अळीव ६०, गेरू ४०. एकूण २,८०० रुपये. उरलेल्या दोनशेचे वडापाव.

तटबंदी आधी सोडवली, तिचे चांगले तुकडे आणि बुरूज बुटाच्या खोक्यांत. शाडूचा चुरा बादलीत. लाल माती चाळून पोत्यांत भरली, कुंड्यांना सगळ्या घरांनी नेली. शेण आणि गवतामुळे ती आणल्यापेक्षा बरी झालीय. गोणपाट आतून कुजलेलं, ते खतखड्ड्यात. कोंबडीची जाळी सरळ करून गुंडाळली आणि जिन्याखाली ठेवली, तिच्यावर "किल्ला, टाकू नये" असं लिहिलंय. राडारोडा परत पोत्यांत गेला. तिसऱ्या मजल्याचं स्वयंपाकघर अजून चालूच आहे, त्यांच्या शेवटच्या खेपेत तोही जाईल. नेढ्याची बांगडी धुऊन जिची तिला दिली. पुठ्ठ्याच्या आकृत्या ओलीने गेल्यात, त्यामुळे मोडायच्या आधी त्या नव्या पुठ्ठ्यावर गिरवून घेतल्या आणि प्रत्येकीवर माचीचं नाव, प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण काढून ठेवला. बाण लाल स्केचपेनने, ठळक.